लेखी 27, अंतर्गत 24

2025 च्या फेब्रुवारीत, दहावीची परीक्षा दारात येऊन ठेपलेली असताना, मी 58 मुलांचे गणिताचे अंतर्गत मार्क एका बैठकीत पोर्टलवर चढवले. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. मध्यप्रदेश बोर्डात दहावीचा लेखी पेपर 75 चा असतो आणि उरलेले 25 शाळेच्या हातात असतात. त्या 25 पैकी सगळ्यांत कमी मी दिले 21, आणि तेही अशा मुलाला जो संक्रांतीनंतर वर्गात दिसलाच नव्हता. बाकी सगळे 23, 24, 25. प्रकल्पाच्या फायली कपाटावर रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या फायलींत पायथागोरसचा एकच तक्ता, इंदूरच्या राजवाड्यामागच्या एकाच स्टेशनरीवाल्याकडून आणलेला, एकाच जागी दुमडलेला.

हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढची सगळी हकिगत याच गोष्टीपाशी येऊन थांबते.

मी इंदूरच्या एका सरकारी हायस्कूलात गणित शिकवते. पहिली अकरा वर्षं खासगी शाळेत गेली, आता सात वर्षं इथे. घरी मराठी, वर्गात हिंदी. घरी लेकाला 'वर्गसमीकरण' म्हणते आणि वर्गात 'द्विघात समीकरण', 'अंकगणिती श्रेढी'ची शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर 'समांतर श्रेढी' होते. इतक्या वर्षांत बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायचं बोलावणं मला कधी आलं नव्हतं. कधी दुसऱ्यांची नावं गेली, एका वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर होते. 2025 मध्ये आलं. ज्यांना पहिल्यांदा येईल त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला सांगणारं कोणी नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, 'अरे मॅडम, कुछ नहीं, बस कापी जाँचनी है.'

दहावीची परीक्षा 27 फेब्रुवारीला सुरू झाली. होळी गेली, 19 मार्चला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघाली, आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, केसांतला गुलाल अजून निघालेला नसताना शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आली. यादीत माझं नाव, विषय गणित, शनिवारी सकाळी साडेदहाला मूल्यांकन केंद्रावर हजर व्हायचं. नाही म्हणायची सोय जवळजवळ नसते. आजारपणाचा पक्का कागद असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर नोटीस घरी येते.

शुक्रवार कागदांत गेला. शाळेचं कार्यमुक्तीचं पत्र, ओळखपत्र, दोन फोटो, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक. इथेच माझी पहिली चूक झाली. माझ्या बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली आहेत, पण पासबुक जुनंच होतं आणि शाखेचा आयएफएससी कोडही जुनाच. मी डोळे मिटून तोच लिहिला. तपासणीचे पैसे त्यामुळे परत गेले आणि ऑगस्टपर्यंत लोंबकळले. तेव्हा पासबुक आधी भरून आणा, नवं असलं तर नवंच द्या. झेरॉक्स तीन प्रती करा. केंद्रावर एक घेतात, एक हरवतात, एक शेवटी बिलाला लागते.

केंद्र एका मोठ्या शाळेत होतं. फाटकात मोबाइल जमा, कापडी पिशवीत घालून टोकन. मग एक घोषणापत्र, की माझं कोणी नातेवाईक या विषयाच्या परीक्षेला बसलेलं नाही. हॉलमध्ये टेबलं गटागटानं लावलेली. प्रत्येक गटात आठ-दहा परीक्षक आणि त्यांच्यावर एक उप मुख्य परीक्षक. आमच्या उप मुख्य परीक्षक मॅडम निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर, हातात हिरवं पेन. आमचं लाल. हिरव्यानं आमच्या लालवर काय लिहिलं जातंय याची धास्ती शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही.

पहिला दिवस कॉप्यांचा नव्हताच. आदर्श उत्तरं वाटली, तीच घेऊन बसलो. पेपर 23 प्रश्नांचा. पहिले पाच वस्तुनिष्ठ, त्यांचेच 30 मार्क: पर्याय, रिकाम्या जागा, जोड्या, एका शब्दात उत्तर, सत्य-असत्य. पुढे दोन मार्कांचे बारा, तीनचे तीन, चारचे तीन. प्रत्येक उत्तराच्या कडेला पायऱ्या तोडलेल्या, म्हणजे समीकरण मांडलं एक, सोपं केलं एक, असं. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, 'आज पहिल्या कॉपीला जो न्याय लावाल तोच शेवटच्या दिवशी शेवटच्या कॉपीला लागला पाहिजे. तुम्ही कडक आहात का सैल, मला त्याच्याशी मतलब नाही.' त्या वेळी मला हे वाक्य शिरस्त्याचं वाटलं.

सोमवारी, 24 मार्चला, पहिला गठ्ठा हातात आला. रोल नंबरचा भाग झाकलेला. आपल्या जिल्ह्याच्या कॉप्या आपल्याला मिळत नाहीत, त्यामुळे ही अक्षरं शिवपुरीची का बालाघाटची, काही कळायला मार्ग नाही. आम्हाला सांगितलेली हद्द होती दिवसाला कमीत कमी 30, जास्तीत जास्त 45. पहिल्या कॉपीला मला पाऊण तास लागला. शेजारी बसलेले देपालपूरकडचे सर तेवढ्यात चार उरकून बाहेर जाऊन चहा पिऊन आले. त्यांचं हे चौदावं वर्ष. 'मॅडम, आप तो परीक्षा दे रही हैं,' म्हणाले. खरंच होतं ते. मी प्रत्येक उत्तर आधी स्वतः सोडवत होते. तिसाचा आकडा गाठेपर्यंत सहा वाजले आणि हॉलमध्ये झाडू मारणाऱ्या मावशी माझे पाय वर उचलायची वाट बघत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पाच-पाच कॉप्या घेऊन बसायला लागले. पाचही कॉप्यांचे वस्तुनिष्ठ आधी, मग पाचांचे दोन मार्कवाले, असं. आदर्श उत्तर डोक्यात ताजं असतं आणि हातही एकसारखा चालतो. वेळ दहा-बारा मिनिटांवर आला. याहून घाई करू नये. एका कॉपीमागे जे पैसे मिळतात त्यात बाहेरच्या टपरीवर एक प्लेट पोहेही धड येत नाहीत, जिलबी तर लांबच. त्यासाठी कोणाचं वर्ष फुकट घालवायचं?

आता ती कॉपी. प्रश्न जसाच्या तसा सांगणं बरं नाही, म्हणून आकडे बदलते, घाट तोच ठेवते. दोन क्रमवार धन पूर्णांक शोधा, ज्यांच्या वर्गांची बेरीज 365 आहे. मार्क चार. मुलानं (अक्षरावरून मी मुलगाच धरला, का कोण जाणे) समीकरण छान मांडलं: क्ष² + (क्ष + 1)² = 365. कंस बरोबर सोडवला: 2क्ष² + 2क्ष + 1 = 365. मग तो 1 पलीकडे नेताना चुकला, वजा करायच्या ऐवजी मिळवला. क्ष² + क्ष − 182 यायला हवं होतं, त्याचं आलं क्ष² + क्ष − 183 = 0. याचे अवयव पडत नाहीत. अर्धं पान त्यानं प्रयत्न करून खोडलेलं. मग सूत्र लावलं. वर्गमुळात आले 733. 733 हा पूर्ण वर्ग नाही, पण 27 चा वर्ग 729. त्यानं शांतपणे लिहिलं, वर्गमूळ 27. म्हणजे क्ष = 13. उत्तर 13 आणि 14. आणि खाली ताळा: 169 + 196 = 365. दोन रेघा मारून चौकट.

समीकरण चुकलेलं, वर्गमूळ चुकलेलं, उत्तर बरोबर, ताळाही बरोबर.

मी पेन खाली ठेवलं. देपालपूरच्या सरांना दाखवलं. ते हसले. त्यांचं म्हणणं, पोरानं उत्तर आधी अंदाजानं काढलंय आणि मग समीकरण वाकवून तिथवर आणलंय, एक मार्क द्या नि पुढे चला. समोरच्या सांवेरच्या मॅडम म्हणाल्या, आकडेमोडीची एक चूक, एक मार्क कापा, तीन द्या. मला तिसरंच काही वाटत होतं: ज्याला 733 च्या जवळचा वर्ग 729 हे आठवतं आणि जो शेवटी ताळा करून बघतो, त्याला संख्यांचा वास येतो. माझ्या वर्गात असा एखादा असेल तर मी त्याला जवळ बसवीन.

उप मुख्य परीक्षक मॅडमकडे कॉपी गेली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. 'समीकरण, एक. सोपं करणं चुकलं, शून्य. सूत्र लावलं, एक. 733 चं मूळ 27 नाही, म्हणून उत्तर त्याच्या समीकरणाचं नाही. दोन.' मी म्हटलं, पण ताळा? 'ताळ्याला आदर्श उत्तरात मार्क आहे का?' नव्हता. 'मग आज आपण ताळ्याला मार्क दिला, तर काल ज्या चाळीस मुलांनी ताळा केला आणि ज्यांना कोणी एक मार्क जास्त दिला नाही, त्यांचं काय?'

दोनच दिले. आजही ती कॉपी समोर आली तर माझा हात तीनकडे जाईल. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं शनिवारचं वाक्य कळलं. मी एका पोराशी न्यायानं वागायला निघाले होते, त्यांना चारशे पोरांशी सारखं वागायचं होतं.

त्या रात्री घरून एक जुनी चाळीस पानी वही घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात असे निवाडे लिहायला लागले. नुसतं उत्तर, पायऱ्या नाहीत: एक. एकक लिहिलं नाही: कापायचं नाही. आकृती पेनानं काढली: कापायचं नाही. प्रमेयाचं नाव चुकलं पण विधान बरोबर: पूर्ण. वही केंद्राबाहेर न्यायची नाही, रोज मॅडमकडे ठेवायची. पण आठव्या दिवशी तुम्ही पहिल्या दिवसासारखेच वागताय का हे बघायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मी वागत नव्हते. सकाळी अकराला माझा हात कडक होता आणि दुपारी, सेव-जिरावण घातलेले पोहे पोटात गेल्यावर, सैल. हे वहीनंच दाखवलं. सकाळी ज्याला शून्य दिलं होतं, तशाच उत्तराला तीन वाजता मी एक देत होते. मग दोन सकाळच्या कॉप्या परत उघडून घेतल्या, मॅडमची सही घेऊन दुरुस्त्या केल्या. लाज वाटली, पण केल्या.

याहून मोठा घोळ गुरुवारी झाला. मॅडम प्रत्येकाच्या गठ्ठ्यातल्या काही कॉप्या पुन्हा बघतात. त्यांनी माझी एक कॉपी उघडली, शेवटची पानं उलटली आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवली. मुलानं शेवटचं उत्तर लिहून चार पानं कोरी सोडली होती आणि मग पाचव्या पानावर एक चार मार्कांचा प्रश्न सोडवला होता. पूर्ण बरोबर. मी पहिल्या कोऱ्या पानावर लाल रेघ मारून कॉपी संपवली होती. मार्क दिले होते 22. चार मिळवले की 26. पास व्हायला 75 चे 33 टक्के, म्हणजे पंचवीसची रेघ. मी ज्या बाजूला त्याला टाकलं होतं ती बाजू कोणती, हे सांगायला नको.

त्या दिवशी डबा तसाच घरी आला. सासूबाईंनी विचारलं, 'काय गं, भाजी बिघडली होती का?' मी सांगितलं. त्या जुन्या मॅट्रिक, इंदूरच्याच मराठी शाळेतल्या. म्हणाल्या, 'आमच्या वेळी आम्हाला वाटायचं, पेपर तपासणारे म्हणजे देवासारखे, वरून सगळं बघतात.' पुढे काही बोलल्या नाहीत, ताट वाढलं.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं: तपासायला घेण्याआधी कॉपी शेवटच्या पानापासून उलटी चाळा. कोऱ्या पानांवर तिथेच आडवी रेघ मारत या. मग पुढून तपासा. बेरीज दोनदा करा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, आणि मुखपृष्ठावरच्या खणात आकडा भरताना बोट ठेवून वाचा. 12 चे 21 झालेले मी शेजारच्या टेबलावर बघितलेत.

कॉप्यांत लिहिलेल्या विनवण्यांबद्दल सगळे विचारतात. असतात. लग्न मोडेल, बाबा मारतील, देव तुमचं भलं करो. दोन-तीन दिवसांत मन निबर होतं. मला लागली ती वेगळीच. एका कॉपीत तीन मार्कांच्या प्रश्नाखाली फक्त एवढंच: 'यह हमें पढ़ाया नहीं गया.' तक्रार नाही, मागणी नाही. पुढचा प्रश्न सुरू. मी शून्य लिहिलं आणि बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले, कारण माझ्या वर्गातही संख्याशास्त्राचा शेवटचा धडा मी जानेवारीत दोन तासांत गुंडाळला होता.

आणि किती तरी कॉप्या अशा, की पहिली पाच पानं भरलेली, पुढे सगळं पांढरं. वस्तुनिष्ठ 30 पैकी जेवढं जमलं तेवढं, सत्य-असत्यच्या सगळ्या खणांत 'सत्य', आणि मग निरोप. पांढरी कॉपी तपासायला तीन मिनिटं लागतात. देपालपूरचे सर अशी कॉपी आली की म्हणायचे, 'आराम मिला.' पहिल्या दिवशी मला त्यांचा राग आला. पाचव्या दिवशी मीही गठ्ठ्यात पातळ कॉप्या शोधायला लागले होते.

30 मार्चला गुढीपाडवा रविवारी आला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी ईदची सुट्टी. त्या दोन दिवसांत अंगठा शेकला, श्रीखंड केलं नाही, विकतचं आणलं. मंगळवारपासून शनिवारपर्यंत, 5 एप्रिलपर्यंत, उरलेलं काम. माझ्या नावावर एकूण 402 कॉप्या झाल्या. कार्यमुक्तीचं पत्र, बिलाचा फॉर्म, टोकन देऊन शेवटच्या वेळी मोबाइल घेतला आणि बाहेर येऊन टपरीवर पूर्ण प्लेट पोहे आणि जिलबी खाल्ली.

6 मेला निकाल लागला. राज्याचा दहावीचा निकाल 76.22 टक्के. आदल्या वर्षी, 2024 मध्ये, तो 58.10 होता. टीचर्स रूममध्ये पेढे फिरत होते. मला अनेकांनी विचारलं, यंदा तुम्ही लोकांनी हात सैल सोडला होता ना? मी माझ्या टेबलापुरतं सांगू शकते: पायऱ्यांची तीच कागदं, हिरवं पेन तेच. पण एका वर्षात मुलं अठरा टक्क्यांनी हुशार होत नाहीत आणि आदल्या वर्षीची तेवढी ढ नव्हती, एवढं मलाही कळतं. पेपर, तयारी, तपासणी, कुठे काय हललं ते निकालाच्या एका आकड्यात दिसत नाही. त्या आकड्यावर आनंद करणं मला जमलं नाही आणि दुःख करण्याचंही कारण नव्हतं.

शेजारपाजारचे लोक निकालानंतर माझ्याकडे आले, म्हणून हेही सांगून ठेवते. आपल्या बोर्डात पुनर्गणना होते, म्हणजे बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर बघतात. दिलेले मार्क कमी वाटतात म्हणून उत्तर नव्यानं तोलत नाहीत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, अर्ज राज्याच्या एमपी ऑनलाइन सेवेच्या कियोस्कवरून. मुदत थोडी असते, आज-उद्या करू नका. माझ्या त्या पाचव्या पानासारखं पान कोणाच्याही कॉपीत असू शकतं. आणि आता पुरवणी परीक्षेच्या जागी दुसरी परीक्षा आली आहे, 2025 ची 17 जूनपासून होती. माझ्या वर्गातले सातजण तिला बसले.

जूनमध्येच, अकरावीचे प्रवेश सुरू असताना, एका मुलीचे वडील शाळेत आले. आमच्या पलीकडच्याच गल्लीतले, लोडिंग रिक्षा चालवतात. घरी मराठी बोलतात म्हणून माझ्याशीही मराठीतच. मुलीला गणितात 51. त्यांच्या घराण्यात गणितात पन्नाशी ओलांडणारी ती पहिली. 'मॅडम, तिला गणितच घेऊन द्यायचं. इंजिनियर करायचं. तुम्ही फक्त फॉर्मवर सांगा कुठला ग्रुप.' मुलगी मागे उभी, ओढणीच्या टोकाशी खेळत.

मार्कशीट हातात घेतली. लेखी 27, अंतर्गत 24, एकूण 51. त्या चोवीसकडे बघताना माझ्या डोळ्यापुढे राजवाड्याच्या स्टेशनरीवाल्याचा पायथागोरस आला.

मी म्हटलं, 'भाऊ, बसा. हे दोन आकडे वेगवेगळे बघा. हा सत्तावीस तिनं पेपरात मिळवलाय, 75 पैकी. अकरावीचं गणित याच्यावर चालतं. आणि हा चोवीस शाळेनं दिलेला.'

त्यांनी कागद जवळ घेऊन बघितला. त्यांना इतके दिवस फक्त 51 दिसत होते. थोड्या वेळानं म्हणाले, 'म्हणजे तिला येत नाही?'

'येतं थोडं. पण पाया कच्चा आहे. गणित घ्यायचं तर वर्षभर खूप करावं लागेल.'

'पण मॅडम, चोवीस तुम्हीच दिलेत ना?'

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. मी हो म्हटलं. मग त्यांना काय काय सांगितलं, की सगळ्याच शाळा देतात, की निकाल कमी लागला तर आमच्यावर येतं, 2019 मध्ये तीस टक्क्यांखाली निकाल लागलेल्या शाळांच्या शिक्षकांची पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घेतली होती, तेव्हापासून प्रत्येकाच्या मनात ती बसली आहे. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि मला कळत होतं की यातलं एकही वाक्य त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. शिवपुरीच्या का बालाघाटच्या त्या पोराला, ज्याला संख्यांचा वास येत होता, मी नियम दाखवून एक मार्क नाकारला होता. आणि जिला मी रोज बघत होते, जिला अपूर्णांकांची बेरीज येत नाही हे मला सप्टेंबरपासून माहीत होतं, तिला मी 25 पैकी 24 देऊन सांगितलं होतं की सगळं ठीक आहे.

मुलीनं शेवटी कॉमर्स घेतलं. तिचा स्वतःचा निर्णय, असं ती म्हणाली. भेटली की नमस्ते म्हणते. वडील आता गल्लीत दिसले तर रिक्षा थांबवत नाहीत, पण हात करतात.

या सत्रात मी काही बदल केलेत. जुलैत हेडसाहेबांना जाऊन सांगितलं, अंतर्गतचे 25 मी पायऱ्या तोडून देईन. प्रकल्पाला थोडे, तोंडी विचारलेल्या प्रश्नांना थोडे, आणि वर्गात दर पंधरवड्याला दहा मिनिटांची चाचणी, तिचे सगळ्यांत जास्त. ते बराच वेळ खिडकीतून बघत राहिले. मग म्हणाले, 'मॅडम, पड़ोस का स्कूल तो पच्चीस में पच्चीस देगा. नुकसान किसका होगा?' त्यांचा प्रश्न खोटा नाही. माझ्या वर्गातल्या मुलाला 17 आणि शेजारच्या शाळेतल्या तशाच मुलाला 25 मिळाले, तर मार्कशीटवर माझा मुलगा आठ मार्कांनी मागे पडतो, आणि ते आठ का कमी आहेत हे कोणत्याही कागदावर छापलेलं नसतं. आमचा तह असा झाला, की मार्क द्यायच्या आधी नोव्हेंबरपासून रोज शेवटचा तास मी कच्च्या मुलांना घेईन, आणि मग जे येईल ते येईल. पंधरा-वीस जण बसतात. अपूर्णांकांपासून सुरुवात केली. दहावीच्या मुलांना पाव आणि तृतीयांशची बेरीज शिकवताना पहिल्या दिवशी त्यांनाही अवघडल्यासारखं झालं, मलाही.

सहामाही मी केंद्रातल्यासारखी तपासली. वर्गातल्या दोन मुलांना बसवून सगळ्या कॉप्यांच्या नावांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या स्टेपल करून घेतल्या. शेवटच्या पानापासून उलट्या चाळल्या, पाच-पाच घेऊन बसले, वही उघडी ठेवली. वर्गात कॉप्या परत देताना ऐटीत सांगितलंही, की कोणाची कॉपी कोणती ते मला माहीत नव्हतं, सगळ्यांना एकच माप.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. 'मॅम, नाम तो ढँक दिए. पर अक्षर तो आप पहचानती हैं न?'

वर्गात 61 मुलं आहेत. पन्नासेक तरी ओळखते.